क्रमांक १चा कारभारी

लिनक्सच्या कुठल्याही यंत्रावर चालू प्रोसेसची यादी काढा. क्रमांक १ वर एकच नाव कायम ठाण मांडून असतं. कर्नल जागा झाला की आपण होऊन हा एवढा एक प्रोग्राम सुरू करतो. पुढचं सगळं बिऱ्हाड त्याने मांडायचं. एखाद्या प्रोसेसचे आईबाप आधी संपले तर ते पोरकं पोरही सहसा याच्याच पदरात येतं. आणि हा स्वतः मेला तर कर्नल हात टेकतो, यंत्र जागच्या जागी थांबतं.

याचं जुनं नाव इनिट. सुरुवातीच्या युनिक्सवर तो 'आरसी' नावाची स्क्रिप्ट चालवी आणि टर्मिनलवर लॉगिन आणून ठेवी, संपलं काम. 'आरसी' हे नाव मात्र युनिक्सहूनही जुनं आहे. एमआयटीच्या सीटीएसएस यंत्रणेत आज्ञांच्या फाइलला 'रनकॉम' म्हणत, त्याचा हा उरलेला तुकडा.

पुढे एटी अँड टीच्या सिस्टम फाइव्हमधून रनलेव्हलची पद्धत आली आणि लिनक्सने ती उचलली. रेड हॅटच्या जुन्या यंत्रांवर तिची डिरेक्टरी उघडली की रेशनच्या रांगेसारखी नावं दिसत: एस१० नेटवर्क, एस५५ एसएसएचडी, सगळ्यांत शेवटी एस९९ लोकल. 'एस' म्हणजे सुरू कर, 'के' म्हणजे बंद कर, मधला आकडा म्हणजे रांगेतला नंबर. शेवटचा लोकल म्हणजे आपली आरसी.लोकल ही फाइल. काहीही आपोआप चालवायचं असेल तर तिच्या तळाशी एक ओळ टाकायची.

मीही टाकली होती. ओळीच्या शेवटी '&' लिहायचं राहिलं. माझा प्रोग्राम संपणारा नव्हताच. स्क्रिप्ट त्याची वाट पाहत बसली, इनिट स्क्रिप्टची, आणि मी लॉगिनची. एसएसएचडीचा नंबर पंचावन्नावा असल्यामुळे तो आधीच उठलेला होता, म्हणून शेजारच्या यंत्रावरून आत शिरता आलं.

रांगेचं दुखणं हेच. एक अडला की मागचे सगळे अडले. ॲपलने २००५ साली लाँचडी आणलं, उबुंटूने २००६ साली अपस्टार्ट. २०१० मध्ये लेनार्ट पोएटरिंग आणि के सीव्हर्स यांनी सिस्टमडी पुढे केलं. लाँचडीकडून घेतलेली त्यातली युक्ती मला फार आवडते: सेवा उठण्याआधीच तिचं सॉकेट उघडून ठेवायचं. लॉग लिहिणारा अजून झोपलेला असला तरी इतरांचे निरोप कर्नलपाशी साठतात, तो उठला की वाचतो. मग पुष्कळांना एकदमच उठवता येतं.

भांडणंही तितकीच झाली. एका प्रोग्रामने किती खाती सांभाळावीत, हा आक्षेप खोटा नव्हता. २०१४ च्या फेब्रुवारीत डेबियनच्या तांत्रिक समितीत मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडीची सरशी झाली. नाराजांनी देवुआन नावाची वेगळी चूल मांडली. फ्रीबीएसडी आजही आरसी स्क्रिप्टवरच सुखाने नांदतं.

माझं मत विचाराल तर दिवसरात्र चालणाऱ्या प्रोग्रामसाठी सिस्टमडीची युनिट फाइलच लिहावी. काय चालवायचं, कोणाच्या नावाने, पडलं तर पुन्हा उठवायचं का, एवढं पाचसहा ओळींत मावतं. 'इनेबल' म्हटल्यावर होतं काय? एका डिरेक्टरीत सिमलिंक पडते. म्हणजे जुन्या एस५५चीच युक्ती, फक्त आकडा गेला.

रूटचे अधिकार नसतील, काम छोटं असेल, तर क्रॉनटॅबमधली '@रीबूट'ची ओळ पुरते. मात्र नेटवर्क आलंय की नाही हे क्रॉन बघत नाही, आणि त्याचा पाथही तुमच्या शेलपेक्षा बराच तोकडा असतो. तेव्हा प्रोग्रामचा पूर्ण पत्ता लिहा, आउटपुट एखाद्या फाइलीत वळवा, आणि यंत्र एकदा समोर बसून रीबूट करून बघा. शुक्रवारी संध्याकाळी नको.