आधी ड्रॉवर काढा, मग बोली लावा

गेल्या शनिवारी लँकेस्टरजवळ एका लिलावाआधी वस्तू बघायला गेले होते. महोगनीचं व्हिक्टोरियन टेबल होतं. कॅटलॉगमध्ये 'गिलोजचं असावं' एवढंच.

मी सरळ ड्रॉवर बाहेर काढला. गिलोज ही लँकेस्टरची नामांकित फर्निचर पेढी होती. तिचा ठसा बहुधा ड्रॉवरच्या पुढच्या फळीच्या वरच्या कडेवर असतो. अक्षरं इतकी बारीक की मोबाइलचा टॉर्च तिरपा धरावा लागतो. आणि ठसा सापडला!

प्रत्येक वस्तूवर ठसा नसतो. पण पेढीच्या रेखाटनांच्या आणि खर्चाच्या वह्या लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरच्या अभिलेखागारात आहेत. रेखाटन जुळलं तर दावा बळकट होतो. नुसतं 'त्या धाटणीचं' लिहिलं असेल, तर गिलोजचा भाव देऊ नका.

कड्या बदलल्या असतील तर फळीच्या आतल्या बाजूला जुनी भोकं दिसतात. पॉलिश खरवडून नवं केलं असेल तर किंमत घटते. दीडशे वर्षं हात फिरून आलेली झळाळी पुन्हा आणता येत नाही.

आणि हो, हातोडा पडतो त्या रकमेवर लिलावगृहाचं कमिशन वेगळं.

तुमच्याकडे असं काही आहे? ड्रॉवरच्या कडेचा फोटो टाका, मिळून बघू.