पीएसपीवरचा गेम मध्येच बंद का पडतो? लुआ स्क्रिप्टमधला क्रॅश असा शोधा

रोब्लॉक्सवर गेम बनवून पाहिला असेल, तर लुआ हे नाव तुम्ही ऐकलं असेल. १९९३ साली ब्राझीलमध्ये तयार झालेली ही छोटीशी प्रोग्रॅमिंग भाषा. रोब्लॉक्स तिच्यावरूनच बनलेली लुआऊ वापरतं. सोनीच्या जुन्या पीएसपीवरही लुआ प्लेअर नावाच्या ॲपमुळे लुआमध्ये गेम लिहिता येतात. कंपनीच्या अधिकृत परवान्याशिवाय, हौसेने बनवलेल्या अशा गेमना होमब्रू म्हणतात. विकतचे गेम फुकटात उतरवून खेळणं मात्र होमब्रू नव्हे, ती पायरसी.

माझ्या एका मित्राने असाच अंतराळयानाचा गेम लिहिला. कॉम्प्युटरवर तो तासभर आरामात चालायचा. पीएसपीवर मात्र कधी तीन मिनिटांत, कधी दहा मिनिटांत स्क्रीन गोठायची आणि मशीन बंद पडायचं. मशीनच खराब आहे असं ठरवून तो ते मिळेल त्या भावात विकायला निघाला होता. मी म्हटलं, थांब, आधी स्क्रिप्ट बघू.

क्रॅश दोन प्रकारचे असतात

पहिला बोलका क्रॅश. स्क्रीनवर एरर येते, ओळीचा नंबर येतो. सगळ्यात जास्त दिसणारी एरर म्हणजे ‘अटेम्प्ट टू इंडेक्स अ निल व्हॅल्यू’. निल म्हणजे काहीच नाही. जिथे काहीच नाही, तिथून तुम्ही काहीतरी काढायला बघताय, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा मुका क्रॅश. ना एरर, ना ओळ. थेट मशीन बंद. मित्राचा हाच होता.

पायरी १ : लॉग लिहा

गेममध्ये काय चाललंय ते एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहीत राहा. प्रत्येक नोंदीनंतर फाइल बंद करा. उघडी ठेवलीत तर शेवटच्या ओळी मेमरीतच अडकतात, मशीन गोठलं की त्या गेल्याच. आणि नेमक्या त्याच ओळी आपल्याला हव्या असतात.

पायरी २ : एका वेळी एकच गोष्ट बदला

आम्ही गेम सुरू करून नुसता ठेवून दिला. अर्धा तास काही झालं नाही. म्हणजे मशीन ठीक होतं. मग फक्त यान हलवलं, तरीही काही नाही. गोळ्या झाडायला लागलो आणि गेम पडला! लॉगमध्ये गोळ्यांची मोजणी टाकली. वेळ दर वेळी वेगळी, पण गोळ्यांचा आकडा साधारण तोच, साडेनऊशेच्या आसपास. इथेच कोडं सुटलं. प्रत्येक गोळी काहीतरी खात होती.

पायरी ३ : मेमरीचा हिशोब करा

पहिल्या पीएसपीत रॅम फक्त ३२ एमबी, त्यातली २४ एमबी गेमच्या वाट्याला. गोळीचं चित्र ६४ बाय ६४ पिक्सेलचं. प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे एक चित्र १६ केबी. पीएनजी फाइल कितीही छोटी असली, तरी मेमरीत चित्र असं पूर्ण उलगडूनच बसतं. साडेनऊशे चित्रं म्हणजे जवळपास १५ एमबी. उरलेल्या जागेत लुआ प्लेअर, बॅकग्राउंड आणि आवाज. झालं, मेमरी फुल!

स्क्रिप्टमध्ये दोन गोष्टी सापडल्या. गोळी सुटली की दर वेळी चित्र नव्याने लोड होत होतं. आणि स्क्रीनबाहेर गेलेली गोळी टेबलमधून काढलीच जात नव्हती.

तुम्ही म्हणाल, लुआ तर नको असलेली मेमरी आपोआप साफ करते. करते, पण जी वस्तू टेबलमध्ये अजून आहे, तिला लुआ ‘नको असलेली’ मानत नाही. कॉम्प्युटरकडे रॅम भरपूर, म्हणून तिथे ही गळती जाणवलीच नाही.

उपाय सोपा : चित्र गेम सुरू होताना एकदाच लोड करायचं, सगळ्या गोळ्यांनी तेच वापरायचं आणि बाहेर गेलेली गोळी टेबलमधून काढून टाकायची.

पायरी ४ : दुरुस्तीचीही परीक्षा घ्या

मित्राने गोळी काढण्याचा लूप लिहिला आणि आता बोलका क्रॅश आला. तीच निलवाली एरर! कारण असं : दहा गोळ्यांमधली चौथी काढली की पाचवी चौथ्या जागी सरकते, पण लूप पुढे पाचव्या जागेवर जातो. म्हणजे एक गोळी तपासायची राहिली. शिवाय लूप कुठवर जायचा हे सुरुवातीलाच ठरलेलं असतं. आता गोळ्या नऊच, दहाव्या जागी निल, आणि गेम आडवा.

म्हणून टेबलमधून वस्तू काढायच्या असतील, तर लूप शेवटाकडून सुरुवातीकडे चालवा. मग सरकणाऱ्या वस्तू आधीच तपासून झालेल्या असतात.

लक्षात काय ठेवायचं?

क्रॅश जिथे दिसतो, चूक तिथेच असते असं नाही. ‘किती वेळाने पडतो?’ एवढंच विचारू नका, ‘किती वेळा काय केल्यावर पडतो?’ हे मोजा. फोनवर ॲप बनवणाऱ्यांनाही मेमरीची अशीच गळती शोधावी लागते. फक्त फोनमध्ये रॅम जास्त, म्हणून ती उशिरा दिसते.

पीएसपी विकायचा बेत अर्थातच रद्द झाला. मशीन ठणठणीत आहे.