मोटारसायकल, शर्यतीची : सदृशीकरण व प्रत्यक्ष चाचणी

वाहनाचे वर्तन गणितीय प्रतिमानाद्वारे संगणकावर अजमावण्याच्या पद्धतीस सदृशीकरण म्हणतात. सांगाडा, धक्काशोषक व दंतचक्रे यांच्या अनेक पर्यायांतून निवडक पर्याय तिच्यामुळे अल्प खर्चात मिळतात. तथापि स्वाराचे वजन एकूण वजनाच्या सु. तीस टक्के असून वळणावर तो सतत जागा बदलतो. वाहन ६०° हून अधिक कलते. तापलेल्या टायरची पकडही अचूक वर्तविता येत नाही. प्रतिमानातील चूक शर्यतमार्गावर स्वाराच्या जिवावर बेतू शकते. म्हणून चाचणीतील संवेदकांच्या नोंदींवरून प्रतिमान वारंवार सुधारावे लागते. असा विकास दीर्घकाळ चालतो. मुंबईच्या महिंद्र कंपनीने २०११ मध्ये जागतिक अजिंक्यपद शर्यतींत पदार्पण केले. तिच्या मोटारसायकलीला पहिला विजय २०१६ मध्ये ॲसेन (नेदर्लंड्स) येथे मिळाला.