परत येताना काय आणतं? अंतराळातल्या मालगाडीचा पाठ



चौथीच्या मुलांना मी एक काल्पनिक मालवाहू यान तयार करायला सांगितलं. नाव मुलांनीच ठेवलं, 'सिद्धेश्वर'. सोलापूरची मुलं, रात्री मुंबईला जाणारी गाडी डोळ्यांसमोर, दुसरं काय सुचणार! पहिल्या चित्रात, म्हणजे सिद्धेश्वर-१ मध्ये, विमानासारखे पंख होते, खिडक्या होत्या, चालक होता, शिवाय दोन तोफा. माल ठेवायला जागाच नव्हती.

मग फळ्यावर अंतराळ स्थानक काढलं. ते जमिनीपासून साधारण ४०० किमी उंचीवर आहे. सोलापूर ते मुंबई रस्त्याने जेवढं अंतर, जवळपास तेवढंच, फक्त सरळ वर. तिथे माणसं राहतात, त्यांना जेवण, कपडे, इंधन, प्रयोगाचं सामान पोचवावं लागतं, एवढं सांगून झालं आणि मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, "मॅडम, परत येताना काय आणतंय?"

त्याचे वडील ट्रक चालवतात. कांदा घेऊन बंगळूरला जायचं आणि रिटर्न भाडं मिळेपर्यंत तिथेच थांबायचं, हे तो घरात ऐकत आलाय. आठवड्यातून दोन-तीन दिवसच शाळेत येतो, आला तरी सहसा बोलत नाही. आणि मी घाईत उत्तर दिलं, "खाली येतं आणि पुन्हा भरून जातं." तास संपवायचा होता ना!

उत्तर चुकलं होतं. घरी वाचायला बसले तेव्हा कळलं, बहुतेक मालवाहू यानं परत येतच नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्गात आधी स्वतःची चूक सांगितली, मग पुढे गेलो.

गोष्ट सुरू होते सोव्हिएत रशियापासून. माणसं नेणारं सोयुझ यान त्यांच्याकडे होतंच. त्यातल्या खुर्च्या, परतीचं कवच, पॅराशूट काढून टाकलं आणि ती जागा मालाला दिली. हेच 'प्रोग्रेस'. पहिलं प्रोग्रेस २० जानेवारी १९७८ ला सॅल्युत-६ या स्थानकाकडे निघालं, दोन टनांहून जास्त माल घेऊन, एकही माणूस आत नसताना. सॅल्युत-६ ला पुढे-मागे अशी दोन दारं होती. एका दाराला माणसांचं यान, दुसऱ्या दाराला मालाचं. दुसरं दार नसतं तर मालाचं यान लावायचं कुठे? हे मुलांना लगेच पटतं, कारण आपल्या गल्लीत टेम्पो उभा असला की रिक्षा आत येत नाही. सिद्धेश्वर-२ मधले पंख आणि चालक इथेच गेले. तोफा मात्र राहिल्या.

एकाच आराखड्यावर बांधलेल्या अशा यानांना किंवा जहाजांना मिळून एक 'वर्ग' म्हणतात. आपल्या वर्गासारखाच, भावंडं सारखी पण प्रत्येकात थोडा बदल. (जहाजांचा विषय निघाला की सोलापूरकरांनी वालचंद हिराचंदांचं नाव जरूर सांगावं. ते सोलापूरचेच. विशाखापट्टणमला त्यांनी सुरू केलेल्या गोदीतून १९४८ मध्ये 'जलउषा' हे मालवाहू जहाज पाण्यात उतरलं.)

आता त्या मुलाचा प्रश्न. माल उतरवला की प्रोग्रेसमध्ये कचरा भरतात. स्थानकात धुण्याची सोय नाही, कपडे मळले की तेही याच कचऱ्यात. मग यान सुटतं आणि वातावरणात शिरतं. वेग ताशी सुमारे २८ हजार किमी. समोरची हवा दाबली जाऊन भयंकर तापते आणि यान जळतं. उरलेसुरले तुकडे प्रशांत महासागरात, वस्तीपासून लांब पडतात. युरोपच्या एटीव्हीच्या पाच फेऱ्या झाल्या, जपानच्या कोनोतोरीच्या नऊ, सगळ्यांचा शेवट असाच. २०२० मध्ये एका अमेरिकन सिग्नस यानाला कल्पना चावला यांचं नाव दिलं होतं, तेही जळण्यासाठीच बांधलेलं.

असं का, हे शब्दांत सांगत बसू नका, तराजू आणा. मी दुकानातून मागून आणला. खोका आणि आतला माल मिळून तीन किलोच्या वर न्यायचा नाही, ही अट. आधी सगळा माल भरू दिला. मग म्हटलं, खोका परत आणायचाय, तर एक किलो वाळूची पिशवी आत ठेवा. ही पिशवी म्हणजे कवच आणि पॅराशूट. पिशवी ठेवली की एक किलो माल बाहेर! काट्यावर गाडी चढवणाऱ्यांच्या घरात हे रोजचंच गणित आहे.

पण काही गोष्टी खाली आणाव्याच लागतात. अंतराळवीरांच्या रक्ताचे नमुने, प्रयोगातली रोपं, बिघडलेले भाग. रशियाने नव्वदच्या दशकात प्रोग्रेसबरोबर एक छोटी कुपी पाठवून पाहिली, ती १५० किलोपर्यंत सामान आणायची. अमेरिकेची स्पेस शटल भरपूर आणायची, ती २०११ मध्ये थांबली. मग मे २०१२ मध्ये ड्रॅगन हे खाजगी कंपनीचं यान स्थानकाला पोचलं आणि माल घेऊन समुद्रात सुखरूप उतरलं. आताचं ड्रॅगन सुमारे तीन टन खाली आणू शकतं.

सिद्धेश्वर-३ वरून वर्गात भांडण झालं. शेवटी दोन प्रकार ठरले, जास्त माल नेऊन जळणारं आणि कमी माल नेऊन परत येणारं. तोफा एकदाच्या गेल्या, वजन खातात म्हणून.

तो मुलगा दुसऱ्या दिवशीही शाळेत आला. वडिलांनी विचारलं होतं, भाडं कोण देतं? या वेळी मी घाई केली नाही, उद्या सांगते म्हटलं. मग सांगितलं. नासा देते. २००८ मध्ये ड्रॅगनच्या कंपनीशी १२ फेऱ्यांचा करार झाला, १६० कोटी डॉलरचा. फळ्यावर भागाकार केला, एका फेरीला सुमारे १३ कोटी ३३ लाख डॉलर.

तो आकड्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "एवढं भाडं घेतल्यावर रिकामं कशाला येतंय?"