निळ्या पिल्लाचं घर उभं हवं

कॅरिबेना व्हर्सिकलर. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावरचा, झाडावर राहणारा टॅरँट्युला कोळी. पिल्लू गडद निळं असतं. मोठेपणी पाठ हिरवी आणि पोट लालसर होतं. २०१७ पर्यंत तो अ‍ॅव्हिक्युलेरिया प्रजातीत मोडायचा.

दीड-दोन सेंटिमीटरच्या पिल्लाला १०-१२ सेंटिमीटर उंच पारदर्शक डबी पुरते. रुंदीपेक्षा उंची महत्त्वाची. तळाला २-३ सेंटिमीटर कोकोपीट, त्यावर उभा तिरका टेकवलेला सालीचा तुकडा आणि वरच्या बाजूला प्लॅस्टिकची दोन-चार पानं. त्या आडोशातच ते रेशमाची नळी विणतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: हवा! दमटपणाच्या नादात डबी बंद ठेवून कितीतरी पिल्लं हकनाक मरतात. फक्त झाकणाला भोकं पाडून भागत नाही. समोरासमोरच्या भिंतींना, एकीकडे खाली आणि दुसरीकडे वर पाडा, म्हणजे हवा आरपार खेळते. भोक पिल्लाच्या डोक्याकडच्या कडक भागापेक्षा बारीकच हवं, नाहीतर ते निसटलंच समजा. कोकोपीट एका कोपऱ्यात किंचित ओलं, बाकी कोरडं. पाण्याचे दोन थेंब भिंतीवर किंवा जाळ्यावर सोडा, ते तिथूनच पितं.

जाळं बहुतेकदा झाकणालाच चिकटतं आणि दर वेळी उघडताना फाटतं. म्हणून मला बाजूने उघडणारी डबी जास्त आवडते.

खायला फळमाश्या किंवा रातकिड्याची तोडलेली तंगडी. खाणं सोडून नळीत बसलं तर बहुधा कात टाकायची तयारी चालू असते. तेव्हा डबीला हात लावू नका, आत जिवंत किडाही सोडू नका.