आपपरभाव आणि उत्क्रांती

जातिभेद मनुष्यस्वभावातच आहे, आपले व परके ओळखण्यास निसर्गानेच शिकविले आहे, असा युक्तिवाद विज्ञानाची साक्ष काढून केला जातो. धर्मग्रंथांचा आधार लंगडा पडला की निसर्गाला पुढे करावयाचे, ही रीत जुनीच आहे. म्हणून उत्क्रांतिविज्ञान याविषयी काय सांगते, ते आम्ही येथे पाहू.

चार्ल्स डार्विनने १८७१ साली मानवाच्या उत्पत्तीविषयीच्या ग्रंथात नीतीची मुळे समूहाने राहणाऱ्या प्राण्यांच्या सहजप्रवृत्तीत शोधली. परस्परांना साहाय्य करणारी, समूहासाठी झीज सोसणारी टोळी इतर टोळ्यांवर मात करते, असे त्याने मांडले. विल्यम हॅमिल्टनने १९६४ मध्ये रक्तसंबंधातील त्याग का टिकतो याचे गणित दिले. आईने आपल्या ताटातला घास लेकराला देणे, अडीनडीला शेजाऱ्याने धावून येणे, यांची मुळे इतकी खोल आहेत. मात्र टोळीच्या आत वाहणारी ही सहानुभूती टोळीच्या सीमेपाशी थबकते. ती सीमा आखतो कोण?

हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाचे बहुतेक आप्त नाझींच्या वंशसंहारात मारले गेले होते. त्याने १९७०च्या सुमारास इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे शाळकरी मुलांवर प्रयोग केले. चित्रांच्या आवडीवरून तुमचे दोन गट पाडले आहेत, असे मुलांना सांगण्यात आले. वस्तुतः वाटणी यदृच्छेने केली होती. मग त्यांनी इतर मुलांना थोडे थोडे पैसे वाटावयाचे होते. स्वतःच्या पदरी त्यातून काहीच पडणार नव्हते. तरीही मुलांनी स्वगटाला झुकते माप दिले. एवढेच नव्हे, परगट मागे राहावा म्हणून स्वगटाचा लाभ थोडा घटला तरी चालवून घेतले. रेल्वेच्या डब्यात शिरण्यासाठी गयावया करणारा प्रवासी आत येताच दार अडवून उभा राहतो, त्याचे मर्म हेच.

पण याला दुसरी बाजू आहे. २००१ मध्ये कर्झबान, टूबी आणि कॉस्मिडीस या संशोधकांनी अमेरिकेत दाखविले की कृष्णवर्णीय व गोरे खेळाडू दोन संघांत मिसळून प्रत्येक संघाला वेगळ्या रंगाचा सदरा दिला, तर कोण काय बोलले हे आठवताना पाहणाऱ्यांचे कातडीच्या रंगाकडे लक्ष कमी जाते. सीमा आखण्याची प्रवृत्ती उपजत. सीमा कोठे आखावी, हे समाज शिकवितो.

जातीची सीमा तर निसर्गाच्या मानाने कालपरवाची आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी या उपखंडातील लोकसमूह मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळत होते. पुढे हे मिसळणे जवळजवळ थांबले. अंतर्विवाह हेच जातीचे मूळ लक्षण होय, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठातील निबंधात प्रतिपादिले होते.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात बाबासाहेब जीवनकलहाच्या सिद्धांताचा थेट परामर्श घेतात. चोरांची आपसांत नीती असते, तशी जातभाईंचीही असते. पण ती गटाचे हित राखणारी, म्हणून समाजविघातक, असे ते बजावतात. नोकरीत 'आपला माणूस' चिकटविणारा अधिकारी अनीतिमान नसतो. तो गटाची नीती निष्ठेने पाळत असतो. आणि बौद्ध कुटुंबात सोयरीक जुळविताना कोणी हळूच पूर्वीची पोटजात विचारतो, तेव्हा तो प्रश्न जनुकांतून आलेला नसतो. तो घरातील वडीलधाऱ्यांकडून आलेला असतो, आणि शेजारी बसलेली लहान मुले तो ऐकत असतात.