पनवेलच्या चाकांची नोंद

नावडे म्हटले की आज तळोजा एमआयडीसीचा शेजार, सिडकोच्या इमारती आणि दिवा-पनवेल मार्गावरचे नावडे रोड स्थानक डोळ्यांपुढे येते. या परिसराची जुनी बाजारपेठ पनवेल. तिथे एकेकाळी बैलगाडीची चाके बनत आणि ती घाट चढून देशावर जात, हे मात्र इथल्या फार थोड्या तरुणांना माहीत आहे.

१८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात चाके बनवण्याचा धंदा पनवेलचा मोठा उद्योग म्हणून नोंदला आहे. देशावरून माल घेऊन आलेले गाडीवान परतताना चाकांची एखाद-दुसरी जोडी घेऊन जात. यामागे भूगोल होता. मुंबईचा माल खाडीतून पनवेल बंदराला उतरे आणि बोरघाटातून पुण्याकडे निघे. १८३०मध्ये घाटाचा रस्ता गाड्यांसाठी खुला झाला आणि बैलांच्या पाठीवरचा माल गाड्यांवर आला. चढ-उतारावर चाके झिजणार, मोडणार; तेव्हा ती घाट चढण्याआधीच मिळणे सोयीचे. १८६३मध्ये रेल्वेने कल्याण-कर्जतमार्गे घाट चढून पनवेलला बाजूला टाकले. तरीही सुमारे वीस वर्षांनी गॅझेटियर लिहिणाऱ्याला हा धंदा दखल घेण्याजोगा वाटला. मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. वाहतूक दुसऱ्या वाटेने गेली, तरी कारागिरांनी आपले गिऱ्हाईक टिकवले होते.

चाक बनवणे हे सुताराचे आणि लोहाराचे एकत्र काम. मधला तुंबा चिवट लाकडाचा, बहुधा बाभळीचा. त्यात आरे ठोकून बसवायचे आणि आऱ्यांच्या टोकांवर पुठ्ठ्यांचा घेर जुळवायचा. लाकूड नीट वाळलेले नसेल तर ते पुढे आकसते, सांधे ढिले होतात आणि चाक खिळखिळे होते. मग लोहाराचे काम. लोखंडी पट्टी वाकवून, टोके जोडून तो धाव तयार करतो. धावेचा घेर चाकाच्या घेरापेक्षा किंचित कमी ठेवायचा. गोवऱ्यांच्या आगीत ती लालबुंद तापली की फैलावते. तेवढ्यात चार जणांनी चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची, घण मारायचे आणि लाकूड पेटण्याआधी पाणी ओतायचे. थंड होताना धाव आकसते आणि सगळे सांधे आवळून धरते. घेर किती कमी ठेवायचा, हे हाताला कळायचे. ते कुणी लिहून ठेवले नाही.

गॅझेटियर लिहिणाऱ्यांना प्रशासनाच्या उपयोगाची माहिती हवी होती. बाप मुलाला काय शिकवत होता, लाकूड कुठून येत होते, भाते कोण ओढत होते, हे त्यांच्या कामाचे नव्हते. ते आपण लिहायला हवे होते. १९७०मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबई या नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. जमिनीबरोबर बैल गेले, बैलांबरोबर गाडी गेली आणि गाडीबरोबर सुताराचे काम. या जमिनींच्या मोबदल्यासाठी झालेल्या १९८४च्या जासई आंदोलनातले हुतात्मे आपण दरवर्षी आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या जमिनीवर चालणाऱ्या हुन्नराचा इतिहास अजून लिहायचा आहे.

काम अवघड नाही, पण वेळ फार थोडा उरला आहे. गावातल्या ऐंशी वर्षांच्या माणसाला गाडी कुणाकडून घेतली, धाव कुठे चढवली, एवढे विचारले तरी गोष्ट सुरू होते. बोलणे त्यांच्याच आगरी बोलीत ध्वनिमुद्रित करावे. छापील मराठीत दुरुस्त करू नये. सुताराच्या पत्र्याच्या पेटीतल्या वाकस, पटाशी, सामता या हत्यारांचे फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढावेत. महामार्गावरच्या ढाब्यांत आणि फार्महाऊसच्या फाटकांवर शोभेला लावलेली जुनी चाकेही मोजता येतात. आऱ्यांची संख्या, तुंब्याची जाडी, धावेची रुंदी एवढी माहितीसुद्धा पुढच्या अभ्यासकाला मोलाची ठरेल. पनवेलची नगरपालिका १८५२ची; २०१६मध्ये ती महानगरपालिका झाली. तिच्या जुन्या दप्तरात चाकांच्या कारखान्यांच्या खुणा सापडतात का, हे पाहण्याजोगे आहे.

नावडे, तळोजे, कळंबोली परिसरातल्या शाळा-महाविद्यालयांनी या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना एवढाच प्रकल्प द्यावा: आपल्या गावातल्या सुताराच्या किंवा लोहाराच्या एका घरी जा, विचारा आणि लिहून आणा. जमलेल्या वह्यांची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा.